पायाची भूल : सुईच्या टोकाचा शोध

पायाचं ऑपरेशन ठरलं की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो, ‘कमरेत इंजेक्शन देणार का?’ प्रश्न रास्त आहे. कमरेच्या दोन मणक्यांमधून बारीक सुई आत घालून दोन-तीन मिलिलिटर औषध सोडलं की काही मिनिटांत कमरेखालचं शरीर बधिर होतं. रुग्ण जागा असतो, शल्यविशारद निश्चिंत असतो आणि खर्चही फारसा नसतो. इतकी सोपी आणि भरवशाची सोय हाताशी असताना भूलतज्ज्ञ पायातल्या एकेका नसेचा माग काढण्याची उठाठेव कशाला करतात?

कारण कमरेतल्या इंजेक्शनला निवड करता येत नाही. ऑपरेशन उजव्या अंगठ्याचं असलं तरी दोन्ही पाय जड होतात. रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळणाऱ्या तंतूंनाही औषध गाठतं, त्यामुळे रक्तदाब उतरतो. तरुण माणूस हे सहज सोसतो. हृदयाची झडप अरुंद झालेल्या सत्तरीच्या रुग्णाला ते महागात पडू शकतं. लघवी अडते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मणक्याच्या पोकळीत रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. आणि हे सगळं निभावलं, तरी दोन-तीन तासांत औषध उतरतं आणि खरी वेदना तिथून सुरू होते. गुडघा बदललेल्या माणसाला त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उभं करायचं असतं, ते नेमकं याच वेदनेच्या काळात. पायातली नेमकी नस बधिर करण्याची, म्हणजेच पायाच्या नर्व्ह ब्लॉकची, गरज इथे निर्माण होते.

गंमत अशी, की पाठीच्या कण्यातून भूल देण्याच्या इतिहासाची सुरुवातही एका पायापासूनच झाली. जर्मनीतल्या कील शहरात १६ ऑगस्ट १८९८ रोजी आउगुस्ट बीअर यांनी घोट्याच्या क्षयाने बेजार झालेल्या एका मजुराला पाठीच्या कण्यातून कोकेन दिलं आणि त्याचा घोटा वेदनेशिवाय कापता आला. त्यानंतर आठच दिवसांनी, २४ ऑगस्टला, बीअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हाच प्रयोग एकमेकांवर करायचं ठरवलं. बीअर यांच्या पाठीत सुई गेली, पण पिचकारी सुईला नीट बसेना. औषध वाया गेलं आणि मज्जाद्रवही. मग हिल्डेब्रांट टेबलावर आले. त्यांच्या पायांवर टोचणी, जळता सिगार, केस उपटणं आणि शेवटी नडगीवर लोखंडी हातोडा असे सगळे उपाय झाले. त्यांना काहीच जाणवलं नाही. दोघांनी ती रात्र मद्य आणि सिगारच्या संगतीत साजरी केली. त्याची भरपाई पुढे डोकेदुखीने आणि हिल्डेब्रांटच्या बाबतीत नडगीवरच्या काळ्यानिळ्या वळांनी झाली.

हे घडलं त्याच्या चौदा वर्षं आधी, १८८४ मध्ये, व्हिएन्नातल्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवलं होतं. ती बातमी अटलांटिकपलीकडे पोचताच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी कोकेन थेट नसेच्या शेजारी टोचून पाहिलं. नस ज्या भागाला संवेदना पुरवते तो अख्खा भाग बधिर होतो, हे त्यांना समजलं. प्रयोग स्वतःच्या शरीरावरही चालले होते. हॉल्स्टेड कोकेनच्या व्यसनात सापडले आणि त्यातून पुरते कधीच सुटले नाहीत. आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी १९०४ मध्ये प्रोकेन तयार केलं, स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन घडवलं आणि कोकेनची गरज संपली. औषधाचा प्रश्न असा टप्प्याटप्प्याने सुटत गेला. ते सोडायचं कुठे, हा प्रश्न मात्र पुढच्या शंभर वर्षांनाही पुरून उरला.

हातापेक्षा पायाच्या बाबतीत हा प्रश्न जास्त किचकट आहे. हाताच्या बहुतेक नसा मानेतून निघून काखेपर्यंत एका जुडग्यात उतरतात; योग्य जागी दिलेलं एक इंजेक्शन जवळजवळ अख्ख्या हाताचं काम करतं. पायाच्या नसांची मुळं दोन वेगळ्या जाळ्यांत विभागलेली आहेत. कमरेतलं जाळं पोटाच्या मागच्या बाजूला सोअस स्नायूत दडलेलं असतं. त्यातून मांडीच्या पुढच्या भागाची फेमोरल, आतल्या बाजूची ऑब्च्युरेटर आणि बाहेरच्या कडेच्या त्वचेची अशा तीन मुख्य नसा पायाकडे येतात. दुसरं जाळं माकडहाडाच्या वर, ओटीपोटाच्या मागच्या भिंतीशी असतं. त्यातून सायाटिक निघते. शरीरातली ही सर्वांत जाड नस नितंबातून मांडीच्या मागे उतरते आणि गुडघ्याच्या लवणीच्या थोडं वर दोन फाटे होऊन पोटरीकडे आणि पावलाकडे जाते. एक नस जांघेत पुढे, दुसरी नितंबात मागे. संपूर्ण पाय बधिर करायचा तर किमान दोन ठिकाणी सुई घालावी लागते आणि बहुधा रुग्णाला कुशीवरही वळवावं लागतं. पायाचे ब्लॉक बराच काळ मागे पडले, त्यामागे कमरेतल्या इंजेक्शनच्या सोयीइतकाच हा शरीररचनेचाही हात आहे.

पहिला उपाय हाडांच्या खुणांचा. फ्रान्समधून अमेरिकेत आलेले शल्यविशारद गॅस्टन लाबा यांनी १९२२ मध्ये प्रादेशिक भुलेवर जो ग्रंथ लिहिला, त्याने दोन पिढ्या घडवल्या. सायाटिक गाठण्याची त्यांची रीत आजही शिकवली जाते. रुग्णाला कुशीवर वळवायचं, मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा आणि कमरेच्या हाडाचं मागचं टोक बोटांनी चाचपायचं, दोन्ही जोडणारी रेघ पेनाने काढायची, तिच्या मध्यावरून काटकोनात काही सेंटिमीटर खाली यायचं. सुई तिथे सरळ आत. पुढे ॲलन विनी यांनी या आकृतीत आणखी एक रेघ घालून नेम पक्का केला. लाबांची रेघ सडपातळ माणसात छान जमते. जाडजूड रुग्णात हाडच हाताला लागत नाही आणि सगळी भूमिती चरबीत बुडून जाते.

सुई नसेजवळ पोचली हे ओळखायचं कसं? पन्नास-साठ वर्षं त्याचं उत्तर रुग्णाच्या तोंडून येत असे. सुई नसेला स्पर्शली की पायात वीज चमकल्यासारखी कळ जाते. ‘झिणझिण्या कुठवर गेल्या? अंगठ्यात की टाचेत?’ असं विचारत भूलतज्ज्ञ सुई पुढे-मागे करायचे. झिणझिणी आली नाही तर भूलही येणार नाही, असा त्या काळचा पाठच होता. यात दोन अडचणी होत्या. रुग्ण पूर्ण जागा, समजूतदार आणि सहनशील असावा लागे; मोडलेल्या पायाने कण्हणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा जरा जास्तच. शिवाय झिणझिणी म्हणजे सुई नसेला लागली असणं, आणि जिला जपायचं तिलाच टोचून खात्री करून घेणं, ही पद्धत कुणाच्याच मनाला पटत नव्हती.

विजेची युक्ती या कोंडीतून निघाली. जर्मन शल्यविशारद गेऑर्ग पेर्थेस यांनी १९१२ मध्येच सुईतून सौम्य विद्युतप्रवाह सोडून नस शोधून दाखवली होती, पण त्यांचं उपकरण रोजच्या वापराचं नव्हतं. ग्रीनब्लॅट आणि डेन्सन यांनी १९६२ मध्ये हातात मावणारा नर्व्ह स्टिम्युलेटर पुढे आणला. त्यानंतर सुईच्या अंगावर विजेला अडवणारं वेष्टन देऊन फक्त टोक उघडं ठेवण्याची सोय झाली आणि पद्धत रुळली. सुरुवात साधारण एक मिलिअँपिअर किंवा किंचित जास्त प्रवाहाने होते. नस जवळ आली की तिच्या ताब्यातला स्नायू ठेक्यात उडू लागतो. मग प्रवाह कमी करत जायचं. ०.३ ते ०.५ मिलिअँपिअरवरही स्नायू उडत असेल तर टोक हवं तितकं जवळ आहे, असं मानतात. त्याहून फार कमी प्रवाहावरही उडत राहिला तर सुई नसेच्या आत शिरल्याची शंका घ्यायची आणि ती थोडी मागे ओढायची.

या पद्धतीत पायच बोलू लागला. जांघेत फेमोरल सापडली की गुडघ्याची वाटी वर-खाली नाचते. नवशिक्याला चकवतो तो सार्टोरियस हा मांडीवरून तिरपा जाणारा पट्टीसारखा स्नायू. तो उडतो, हालचाल दिसते, पण वाटी जागची हलत नाही. याचा अर्थ सुई नसेच्या वरवरच्या फांदीपाशी अडकली आहे. ती थोडी बाहेरच्या बाजूला आणि खोल न्यावी लागते. सायाटिकच्या बाबतीत पावलाकडे पाहायचं. पाऊल खाली दाबलं गेलं किंवा आत वळलं तर टिबियल फाटा, वर उचललं गेलं किंवा बाहेर वळलं तर पेरोनियल फाटा.

सत्तरच्या दशकातला उत्साह मोठा होता. विनी यांनी १९७३ मध्ये असा दावा केला, की जांघेत एकाच जागी भरपूर औषध सोडलं तर ते फेमोरल नसेच्या आवरणातून वर चढत कमरेच्या जाळ्यापर्यंत जातं आणि तिन्ही नसा एका फटक्यात बधिर होतात. ‘थ्री-इन-वन ब्लॉक’ हे नाव लगेच रुळलं. ऑब्च्युरेटर मात्र बऱ्याचदा जागीच राहायची. व्हिएन्नाच्या पेटर मारहोफर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एमआरआय करून पाहिलं तेव्हा औषध वर चढतच नाही, ते आडवं पसरतं, हे स्पष्ट झालं. स्टिम्युलेटर सुईच्या टोकाबद्दल सांगतो. टोकातून बाहेर पडलेलं औषध पुढे कुठे जातं, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

टोकाबद्दलचीही त्याची साक्ष अर्धवटच असते, हे सोनोग्राफीने उघड केलं. टोरोंटोच्या अनाही पेर्लास आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये काखेतले ब्लॉक देताना सुई नसेला टेकलेली पडद्यावर पाहिली आणि मग रुग्णाला विचारलं, यंत्रालाही विचारलं. झिणझिणी फक्त ३८ टक्के रुग्णांना जाणवली, ०.५ मिलिअँपिअरपर्यंतच्या प्रवाहावर स्नायू उडाला सुमारे ७५ टक्के रुग्णांत. म्हणजे सुई नसेला लागलेली असतानाही चारातल्या एका रुग्णात यंत्र गप्प होतं. नस सापडत नाही म्हणून सुई आणखी खोल नेणाऱ्यांना हा आकडा विचारात पाडणारा होता.

सोनोग्राफी आली तीही व्हिएन्नातूनच. मारहोफर, स्टेफान काप्राल आणि त्यांच्या गटाने १९९७ मध्ये जांघेतला ब्लॉक पडद्यावर पाहत दिला. बधिरपणा येण्यासाठी स्टिम्युलेटरच्या पद्धतीत सरासरी २७ मिनिटं लागत होती, सोनोग्राफीने ती १६ वर आली. आता भूलतज्ज्ञाला जांघेतली धमनी ठोके देताना दिसते, तिच्या बाहेरच्या अंगाला चकचकीत पडद्याखाली चपटी फेमोरल दिसते, सुई येताना दिसते आणि औषधाचं काळं तळं नसेभोवती पसरताना दिसतं. औषध चुकीच्या थरात जात असेल तर पहिल्या दोन मिलिलिटरांतच ते कळतं. लवणीत सायाटिक ओळखण्याची खूण तर फारच सोयीची. रुग्णाला पाऊल वर-खाली करायला सांगितलं की नसेचे दोन फाटे पडद्यावर आळीपाळीने वर-खाली होतात. भूलतज्ज्ञ तिला ‘सीसॉ साइन’ म्हणतात. तरी डोळ्यांवरही आंधळा विश्वास चालत नाही. त्वचेवर टेकवलेला यंत्राचा प्रोब काही अंश तिरपा झाला तर समोरची नस पडद्यावरून नाहीशी होते आणि स्नायूची कंडरा नसेचं सोंग घेते.

या नव्या दृष्टीचा खरा परिणाम मात्र वेगळाच झाला. दिसू लागल्यावर भूलतज्ज्ञांनी कमी बधिर करायला सुरुवात केली. आधी औषध घटलं. इटलीच्या कसाटी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मोजलं, तेव्हा फेमोरल ब्लॉकसाठी निम्म्या रुग्णांत पुरेसं ठरणारं रोपिवाकेन हे भुलीचं औषध स्टिम्युलेटरने २६ मिलिलिटर लागत होतं आणि सोनोग्राफीने १५. मग ब्लॉकची जागाच पुढे सरकली. फेमोरल ब्लॉकने बदललेला गुडघा दुखायचा थांबतो, पण मांडीचा पुढचा स्नायूही लुळा पडतो. रुग्ण आत्मविश्वासाने उठतो आणि गुडघा मुडपून पडतो. म्हणून सुई मांडीच्या मध्यावर, ॲडक्टर कॅनॉल नावाच्या बोगद्यात गेली. तिथे स्नायूंना ताकद देणाऱ्या बहुतेक फांद्या आधीच सुटून गेलेल्या असतात आणि मुख्यतः संवेदनेची सॅफेनस नस उरते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर दोन्ही ब्लॉक करून मांडीची ताकद मोजली. फेमोरल ब्लॉकने ती ४९ टक्क्यांनी घटली, ॲडक्टर कॅनॉलने अवघी ८ टक्क्यांनी. गुडघ्याच्या मागच्या बाजूची वेदना तरी उरतेच. तिच्यासाठी लवणीतली धमनी आणि सांध्याचं आवरण यांच्यामधल्या फटीत औषध पसरवतात, त्याला ‘आयपॅक’ म्हणतात. पाऊल उचलण्याची ताकद त्यात शाबूत राहते.

खुब्यातही हीच वाटचाल दिसते. फ्रान्सच्या बर्नार दालेन्स यांनी १९८९ मध्ये लहान मुलांमध्ये फॅशिया इलियाका ब्लॉक रूढ केला. जांघेत बाहेरच्या बाजूला बोथट सुई सरकवायची, दोन पडदे फुटल्याचे दोन ‘टप्प’ हाताला जाणवले की औषध सोडायचं. ना यंत्र, ना झिणझिणी. आज खुबा मोडलेल्या वृद्धांसाठी तो अपघात विभागातच दिला जातो. अशा रुग्णाला कमरेतल्या इंजेक्शनसाठी बसवताना किंवा कुशीवर वळवताना जी किंकाळी उठते, ती आधी दिलेल्या या ब्लॉकने टळते. इथे दोन्ही तंत्रं एकमेकांची मदतनीस होतात. टोरोंटोतल्या फिलिप पेंग यांच्या गटाने २०१८ मध्ये त्याहून बारीक काम केलं. खुब्याच्या सांध्याच्या पुढच्या आवरणाला जाणाऱ्या छोट्या फांद्या तेवढ्या गाठायच्या आणि मोठ्या नसांना हात लावायचा नाही. ‘पेंग ब्लॉक’ या नावात इंग्रजी आद्याक्षरंही आहेत आणि शोधकाचं आडनावही.

या सगळ्या झगमगाटात घोट्याच्या ब्लॉककडे दुर्लक्ष होऊ नये. मधुमेहाने पाऊल सडलेला रुग्ण भारतातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात रोज दिसतो. त्याचं हृदय आणि मूत्रपिंड थकलेलं असतं, अंगात संसर्ग भिनलेला असतो आणि पूर्ण भूल त्याला झेपेलच असं नसतं. पाच नसा बधिर केल्या की अख्खं पाऊल हाती येतं. आतल्या घोट्यामागे, जिथे धमनीचा ठोका लागतो, तिथे टिबियल. बाहेरच्या घोट्यामागे स्युरल. पावलाच्या पाठीवर नाडीशेजारी खोल पेरोनियल. वरवरची पेरोनियल आणि सॅफेनस घोट्याच्या पुढच्या बाजूने त्वचेखाली औषधाची पट्टी सोडून. सॅफेनस फेमोरलची, बाकी चारही सायाटिकच्या वंशातल्या. हे सगळं निव्वळ बोटांनी चाचपून करता येतं.

बोटांच्या या ज्ञानाला महाराष्ट्रात एक खास कारण आहे. इथले कित्येक भूलतज्ज्ञ कुणा एका रुग्णालयाचे नसतात. सकाळी एका नर्सिंग होममध्ये, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या. औषधं आणि उपकरणांची बॅग सोबत असते. त्या बॅगेत स्टिम्युलेटर मावतो. सोनोग्राफीचं छोटं यंत्रही मावलं असतं, पण कायदा आडवा येतो. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची जागेसकट नोंदणी सक्तीची आहे आणि हलवता येण्याजोग्या यंत्रांवर कडक बंधनं आहेत. मुलींची संख्या घटत असताना हा कायदा का लागला हे सगळ्यांना ठाऊक आहे. भूलतज्ज्ञाचा प्रोब गर्भाशयाच्या वाटेला जात नाही, तरी नियम त्यालाही लागू होतो. परिणामी नोंदणीकृत यंत्र असलेल्या मोठ्या रुग्णालयात ॲडक्टर कॅनॉल सहज दिला जातो आणि चार गल्ल्या पलीकडे तोच भूलतज्ज्ञ वाटी नाचते का ते पाहत असतो.

पद्धत कुठलीही असो, धोके टळत नाहीत. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर ओठ बधिर होतात, तोंडात धातूची चव येते, कानात घणघणतं, मग झटके येतात आणि हृदयाचा ठोकाही थांबू शकतो. बुपिवाकेन या भुलीच्या औषधाच्या या जीवघेण्या बाजूकडे १९७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज ऑलब्राइट यांनी लक्ष वेधलं. गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवर दाखवलं, की शिरेतून दिलेलं चरबीचं द्रावण हे विष सोसायला मदत करतं. २००६ मध्ये त्याने पहिला माणूस वाचल्याची नोंद झाली. म्हणूनच जिथे ब्लॉक दिले जातात तिथे हे द्रावण, म्हणजे २० टक्के लिपिड, हाताशी असावं लागतं आणि औषध थोडं थोडं, दर वेळी पिचकारी मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहत द्यायचं असतं. नसेची कायमची इजा विरळ आहे, पण आहे. नडगी मोडलेल्या पायात स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढला तर तीव्र वेदना हा पहिला इशारा असतो. गाढ ब्लॉक तो झाकू शकतो, म्हणून अशा रुग्णात शल्यविशारदाशी आधी बोलावं लागतं. आणि सर्वांत लाजिरवाणी चूक म्हणजे चुकीच्या पायाला ब्लॉक. ब्रिटनमध्ये त्यासाठी सुई टोचण्याच्या क्षणी थांबून बाजू पुन्हा तपासायची मोहीम चालवावी लागली.

रुग्णाच्या घरच्यांनाही काही गोष्टी माहीत हव्यात. सायाटिकचा बधिरपणा बारा तासांहून अधिक टिकू शकतो. त्या काळात पायाला शेक देऊ नये. भाजलं तरी रुग्णाला कळत नाही. आधाराशिवाय उभं राहू देऊ नये. ब्लॉक बऱ्याचदा मध्यरात्री उतरतो आणि दबलेली वेदना एकदम उसळते, म्हणून वेदनाशामक गोळी पाय सुन्न असतानाच सुरू करायची असते. ‘आता तर दुखत नाही’ म्हणून ती डबीत ठेवून दिली तर रात्र कठीण जाते.

या पुस्तकाची पुढची मांडणी घोट्यापासून सुरू होऊन खुब्यापर्यंत वर जाते. घोट्यात नसा उथळ असतात, चूक झाली तर ती लहान असते आणि शिकणाऱ्याचा हात तिथे बसतो. कमरेचं जाळं सर्वांत खोल आणि सर्वांत धोक्याचं, म्हणून ते शेवटी. प्रत्येक ब्लॉकसाठी आधी हाडांच्या आणि नाड्यांच्या खुणा, मग स्टिम्युलेटरवर कोणता स्नायू उडायला हवा ते, आणि त्यानंतर पडद्यावरचं चित्र, असा क्रम ठेवला आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तो ब्लॉक कुणाला देऊ नये याची यादी आहे. शिकणाऱ्याने ती आधी वाचली तरी चालेल.